शेतावरच्या सुरांची वाट पाहताना

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात या दिवसांत हवा थेट मुंबईच्या मे महिन्यासारखी असते. दमट, जड आणि अंगाला चिकटणारी. दिवेलागणीला पाईनच्या आणि ओकच्या झाडांतून किड्यांची किर्र सुरू होते, ती मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही. रस्ता काढण्यासाठी कापलेल्या दरडीतून तांबडीभडक माती डोकावते. कोकणातून आलेल्या माणसाला ती पाहून क्षणभर आपण गुहागरच्या वाटेवर आहोत की काय, असे वाटावे.

अशा या मुलुखात चॅपेल हिल नावाचे एक टुमदार गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास. टेकडीवर पूर्वी एक छोटे प्रार्थनामंदिर होते, म्हणून गावाचे नाव चॅपेल हिल. गावाची खरी ओळख मात्र तिथल्या विद्यापीठाची. ऑगस्टअखेरीस नवे विद्यार्थी दाखल झालेले असतात, खानावळी भरलेल्या असतात आणि आकाशी निळ्या रंगाचे सदरे जिकडेतिकडे दिसत असतात. या गडबडीत दुसरी एक लगबग कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही. दूरदूरच्या राज्यांत काही घरांपुढे मोटारी उभ्या असतात आणि त्यांत घडीच्या खुर्च्या, कापडी छते, बर्फाच्या पेट्या, डास पळवण्याची मलमे, पावसाळी कोट असा संसार भरला जात असतो. भरणारी मंडळी बहुतेक पन्नाशी ओलांडलेली. कुणाच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, तर कुणाची पांढरी शेपटी अजून पाठीवर रुळते आहे. शाळकरी मुलांनी सहलीच्या आदल्या रात्री करावी तशी त्यांची घाई चाललेली असते.

ही मंडळी निघालेली असतात ‘प्रॉगडे’ला. प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराचा हा दोन दिवसांचा मेळा १९९५ साली सुरू झाला. अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार ‘लेबर डे’ म्हणजे कामगार दिन असतो आणि १८९४ पासून ती राष्ट्रीय सुटी आहे. त्या सोमवारच्या आधीचे शनिवार-रविवार हे मेळ्याचे ठरलेले दिवस. जागा म्हणजे चॅपेल हिलजवळचे ‘स्टोरीबुक फार्म’ नावाचे शेत. गोष्टीच्या पुस्तकातले शेत! नाव ऐकून लहान मुलांचे काहीतरी असावे असे वाटते. पण तिथे जमणाऱ्यांचे चेहरे पाहिले, तर नाव अगदीच चुकलेले नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या उत्सवांत जगात सर्वांत जास्त काळ चाललेला उत्सव अशी प्रॉगडेची ख्याती आहे. जमणाऱ्या श्रोत्यांची संख्या मात्र शेकड्यांतच मोजावी एवढी. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम लग्नाला याहून जास्त माणसे असतात.

हे संगीत तरी कसले?

रॉक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केस पिंजारलेले तरुण आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट येतो. प्रोग्रेसिव्ह रॉकची जातकुळी थोडी वेगळी. एकोणीसशे साठचे दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. युरोपातले अभिजात संगीत, जाझ, इंग्लंडातली लोकगीते हे सगळे गिटार आणि ड्रमच्या चौकटीत आणता येईल का, हे ते पाहू लागले. किंग क्रिम्सन या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६९ च्या ऑक्टोबरात आली आणि या प्रवाहाचे रूप स्पष्ट झाले. येस या वाद्यवृंदाने १९७२ मध्ये अठरा मिनिटांची एकच रचना करून तबकडीची एक संपूर्ण बाजू भरली. जेथ्रो टलने तर त्याच वर्षी दोन्ही बाजू मिळून एकच गाणे केले. मधे तबकडी उलटावी लागते, तेवढाच काय तो विराम.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटे एकच गाणे ऐकायचे ही कल्पना पाश्चात्त्य श्रोत्याला त्या वेळी विलक्षण वाटली. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. तालाचेही तसेच. रॉकचा सारा डोलारा चार मात्रांवर उभा असतो. या मंडळींनी पाच, सात, अकरा अशा मात्रांचे हिशेब मांडले. पिंक फ्लॉइडचे पैशावरचे गाजलेले गाणे १९७३ चे. त्याची चाल बऱ्याच अंशी सात मात्रांत फिरते. ते ऐकताना पुण्या-मुंबईचा श्रोता बोटांवर सात मोजून समेवर मान डोलावू शकतो. त्याला रूपक म्हणणे चुकीचे ठरेल, पण सात मात्रांची सवय असलेला कान तिथे अडखळत नाही, हे खरे.

या संगीताची वाद्येही मुलखावेगळी. बर्मिंगहॅममध्ये तयार होणाऱ्या मेलोट्रॉन नावाच्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की व्हायोलिनचा किंवा बासरीचा आधी मुद्रित केलेला सूर उमटे आणि जेमतेम आठ सेकंदांत फीत संपे. म्हणजे वादकाला सूर धरून बसायची सोय नाही! दुसरे वाद्य मूग सिंथेसायझर, विजेच्या मंडलांतून सूर निर्माण करणारे. कीथ एमर्सनने १९७० पासून हे कपाटाएवढे अवजड यंत्र थेट रंगमंचावर नेऊन गाजवले. आणि इथे नॉर्थ कॅरोलिनाशी एक धागा जुळतो. या यंत्राचे जनक रॉबर्ट मूग १९७८ मध्ये याच राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात राहायला आले. २००५ मध्ये ॲशव्हिल शहरी त्यांचे निधन झाले. ॲशव्हिल ते चॅपेल हिल हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. प्रॉगडेला येणाऱ्यांपैकी काही जण वाट वाकडी करून त्या गावाला जाऊन येतात, ते उगाच नव्हे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १९७६-७७ मध्ये पंक नावाची लाट आली आणि लांबलचक रचना करणारे हे वादक तरुणांना एकदम म्हातारे, पंडिती आणि हास्यास्पद वाटू लागले. टीका अगदीच अनाठायी होती असे नाही. काही जणांचे झगमगते झगे आणि न संपणारे एकल वादन यांचा अतिरेक झालाच होता. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी पाठ फिरवली, आकाशवाणी केंद्रांनी गाणी लावणे बंद केले. संगीत मात्र मेले नाही. ते छोट्या छोट्या घरगुती कंपन्यांत, टपालाने फिरणाऱ्या पत्रिकांत आणि एकमेकांना पाठवलेल्या कॅसेटांत जिवंत राहिले. प्रॉगडेचा जन्म झाला तो अशा काळात, जेव्हा हे संगीत आवडते असे चारचौघांत सांगायलाही माणूस कचरत असे.

मोठे बुडाले, छोटे तरले

वर्षभर या शेताची वाट पाहणाऱ्यांच्या मनात एक धाकधूक कायम असते. पुढल्या वर्षी हे होईल ना? धाकधुकीला कारण आहे. आपल्यापेक्षा मोठ्यांचे काय झाले, ते या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलेहेम या गावी १९९९ मध्ये ‘निअरफेस्ट’ नावाचा उत्सव सुरू झाला. बेथलेहेम हे एकेकाळचे पोलादाचे गाव. तिथल्या भट्ट्या १९९५ मध्ये विझल्या होत्या. विद्यापीठाच्या देखण्या, सुमारे हजार आसनांच्या सभागृहात हा उत्सव भरू लागला आणि बघता बघता जगभरातल्या रसिकांची ती पंढरीच झाली. तिकिटे विक्रीला निघाली की पाहता पाहता संपत. पण हजार खुर्च्या भरायच्या तर नामांकित वादक हवेत, नामांकित वादकांना मानधन मोठे, आणि मानधन मोठे की तिकीट महाग. हे चक्र फिरत राहिले. २०११ मध्ये पुरेशी तिकिटे खपली नाहीत म्हणून उत्सवच रद्द करावा लागला. पुढल्या वर्षी, २०१२ मध्ये, निरोपाचा शेवटचा उत्सव करून संयोजकांनी दार लावून घेतले.

शेतावरच्या मेळ्याला या चक्रात शिरण्याची गरज पडली नाही. भरायला हजार खुर्च्याच नाहीत. खुर्ची ज्याची त्याने आणायची. छत ज्याचे त्याने ठोकायचे. वातानुकूलन म्हणजे झाडाची सावली. कारभार हौशी स्वयंसेवकांचा. दिवसाला चार असे दोन दिवसांत आठ वाद्यवृंद वाजवतात. त्यांत अमेरिकेतले असतात तसे परदेशांतलेही असतात. घरोघरी ठाऊक असलेले नाव त्यांत शोधू नये, निराशा होईल. पण इथल्या नेहमीच्या श्रोत्याला नेमके तेच हवे असते. पहिल्या सुरापर्यंत ज्याचे नावही ऐकले नव्हते, त्या वाद्यवृंदाच्या तबकड्या रविवारी संध्याकाळी काखोटीला मारून घरी न्यायच्या, यात त्याला खरी मजा.

म्हणून वाट पाहण्याची रीतही निराळी. कुठल्या वर्षी कोण येणार, ती नावे हळूहळू जाहीर होतात. एक नाव कळले की त्या वाद्यवृंदाच्या तबकड्या मागवायच्या, पुनःपुन्हा ऐकायच्या, मित्राशी फोनवर वाद घालायचा. काहींचे मत याच्या अगदी उलट. ते आधी काहीच ऐकत नाहीत. कोऱ्या कानांनी जायचे असा त्यांचा नेम. कुणाची रीत बरोबर, यावर गेली कित्येक वर्षे चर्चा चालू आहे आणि ती मिटावी असे कुणालाच वाटत नाही.

बुडण्याची भीती मात्र शेतालाही आहे. ती आभाळातून येते. ऑगस्ट-सप्टेंबर हा या किनाऱ्यावरचा वादळांचा हंगाम. १९९६ मध्ये लेबर डे २ सप्टेंबरला होता आणि ५ तारखेला ‘फ्रॅन’ हे चक्रीवादळ या राज्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. चॅपेल हिलच्या परिसरातली असंख्य झाडे त्या रात्री उन्मळून पडली, कित्येक घरांची वीज दिवसेंदिवस गेली. म्हणजे मेळा आणि वादळ यांच्यामध्ये मोजून चार दिवसांचे अंतर. २००६ मध्ये ‘अर्नेस्टो’ हे वादळ लेबर डेच्या शनिवार-रविवाराच्या ऐन तोंडावर राज्यावरून गेले. तेव्हापासून काय किंवा त्याआधीपासून काय, ऑगस्टचा तिसरा आठवडा लागला की इथे येणारे आधी अटलांटिकचे नकाशे पाहतात आणि मग कपडे भरतात.

आणि एक भीती अशी, की जिचा नकाशा निघत नाही. श्रोते वयस्क होत चालले आहेत. १९७२ मध्ये सोळा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. करोनाच्या साथीने मेळ्यात खंड पडला, तेव्हा अनेकांनी वाट पाहणे म्हणजे काय ते नव्याने अनुभवले. दोन मेळ्यांतले अंतर वाढले की मधल्या काळात गाळलेल्या जागाही वाढतात. पुन्हा जमल्यावर ठरलेल्या झाडाखाली ठरलेले कापडी छत दिसले नाही, तर शेजारचे लोक मोठ्याने विचारत नाहीत. हळू आवाजात चौकशी करतात.

नाही म्हणायला तरुणही येतात. कुणी बापाचे बोट धरून लहानपणी आलेला असतो आणि आता स्वतःच्या मुलाला घेऊन येतो. मोकळे शेत असल्याने मुलांना बागडायला बंदी नाही. मोठी माणसे अकरा मात्रांचा हिशेब लावत डोळे मिटून बसलेली आणि त्यांच्यामागे पोरे चेंडू खेळताहेत, हे दृश्य बंद सभागृहात कुठून दिसणार?

दोन दिवस आधी पोहोचावे

शहाणा प्रवासी शुक्रवारऐवजी गुरुवारीच चॅपेल हिलला पोहोचतो. रॅले-डरहॅम विमानतळ इथून तीसेक किलोमीटरवर आहे. मोटार भाड्याने घेणे श्रेयस्कर, कारण शेतापर्यंत पायी जाण्याची सोय नाही. खोलीचे आरक्षण मात्र फार आधी करावे. याच सुमारास विद्यापीठाच्या फुटबॉलचा हंगामही सुरू होतो आणि तेव्हा गावातल्या हॉटेलांचे भाव काय होतात, ते न विचारलेले बरे.

विद्यापीठ पाहण्याजोगे आहे. त्याच्या पहिल्या इमारतीची कोनशिला १७९३ मध्ये बसली आणि १७९५ मध्ये वर्ग सुरू झाले. अमेरिकेत सरकारी विद्यापीठांपैकी सर्वांत आधी वर्ग भरवले ते याने. आवाराच्या मध्यभागी खांबांच्या घुमटीखाली एक जुनी विहीर आहे. शिकवणीच्या पहिल्या दिवशी इथले पाणी प्यायले की सगळ्या विषयांत उत्तम गुण मिळतात, अशी समजूत आहे. ऑगस्टमध्ये तिथे रांग लागते. विद्या कितीही मिळवली तरी नवसाला पर्याय नाही, हे तिथेही दिसते.

शेजारचे कारबरो हे गाव म्हणजे चॅपेल हिलचे धाकटे भावंड. कापडगिरणीभोवती वाढलेले. इथे एलिझाबेथ कॉटन यांचे बालपण गेले. ही कृष्णवर्णीय मुलगी डावखुरी होती. तिने गिटार उलटी धरून स्वतःच वाजवायला शिकली आणि पोरवयातच मालगाडीवर एक गाणे रचले. पुढे संसारात आणि घरकामाच्या नोकऱ्यांत गिटार सुटली. योगायोगाने ती सीगर या संगीतप्रेमी कुटुंबात कामाला लागली आणि साठीच्या घरात तिची कला जगापुढे आली. १९८५ मध्ये नव्वदी गाठलेल्या या बाईंना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. प्रॉगडेच्या संगीताशी त्यांचा काही संबंध नाही, पण एवढी वाट पाहणाऱ्या बाईंच्या गावाहून जाताना मोटार थोडी हळू करावी. याच कारबरोत ‘कॅट्स क्रेडल’ हा नामांकित संगीत-क्लब आहे. त्याची परंपरा १९६९ पासूनची.

खाण्याचे म्हणाल तर या राज्याचा अभिमान म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले, शिरका आणि मिरची घातलेले डुकराचे मांस. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. तीसेक किलोमीटरवर केरी नावाचे शहर आहे. रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन-वसाहत १९५९ मध्ये वसवली गेली. तिथल्या आणि भोवतालच्या कंपन्यांमुळे केरीत भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे. पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळे तिथे मिळते. वेंकटेश्वराचे मोठे मंदिर आहे. त्याचा ८७ फुटी गोपुर २०२२ मध्ये खुला झाला.

आणि इथे मराठी माणसाची एक गमतीदार कोंडी होते. लेबर डे आणि गणेशोत्सव हे दोघे बऱ्याचदा एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून येतात. २०१९ मध्ये तर गणेश चतुर्थी आणि लेबर डे एकाच सोमवारी, २ सप्टेंबरला होते. म्हणजे आदल्या दिवशी मखराची सजावट करायची की शेतात जाऊन मेलोट्रॉन ऐकायचा? ज्या घरात दोन्हींची ओढ आहे, तिथे हा प्रश्न साधा नाही.

अशी घरे असतील का? असायला हरकत नाही. पवईच्या आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा वाद्यवृंद आला होता. त्याच्या आदल्या वर्षी, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ५ डिसेंबर २००८ रोजी जेथ्रो टलने अनुष्का शंकर यांच्या साथीने मुंबईत हल्ल्यातील पीडितांसाठी कार्यक्रम केला. भेदरलेल्या शहरात इयन अँडरसनची बासरी त्या संध्याकाळी ज्यांनी ऐकली, त्यांतला कुणी आज केरीच्या एखाद्या कचेरीत बसलेला असेल. आपल्या घरापासून अर्ध्या तासावर असे एक शेत आहे, हे त्याला ठाऊक आहे की नाही, एवढाच प्रश्न.

शनिवारची सकाळ

शनिवारी ऊन चढण्यापूर्वीच शेताच्या वाटेवर मोटारी वळू लागतात. गवतावर दव असते. ओल्या गवतात गोचिडी फार, म्हणून पायमोजे वर ओढून घ्यायचे असतात. नवखा माणूस हे विसरतो आणि दोन दिवस खाजवत बसतो. जुने लोक आपापल्या जागा धरतात. कुणी दरवर्षी त्याच झाडाखाली, कुणी रंगमंचापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर, कारण तिथेच आवाज चांगला लागतो असा त्याचा ठाम सिद्धान्त. कापडी छतांचे पाय रोवले जातात. बर्फाच्या पेट्या उघडतात. वर्षभर न भेटलेली माणसे एकमेकांच्या पाठीत थाप मारतात, कुणाचे गुडघ्याचे ऑपरेशन कसे झाले ते विचारतात आणि दुसऱ्याच वाक्याला १९७४ च्या कुठल्याशा तबकडीवर येतात.

मंचावर दोन-तीन तरुण तारा ओढत असतात. कळफलकाच्या वाद्यांची चवड लागते. ढोलाच्या एकेका कातड्यावर काठी पडते, थांबते, पुन्हा पडते. ध्वनियंत्रणेपाशी बसलेला माणूस हात वर करून खूण करतो. झाडांतले किडे दिवसासुद्धा आपला तानपुरा सोडत नाहीत. पश्चिमेला एक ढग आहे; त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष आहे आणि त्याचे नाव मात्र कुणी काढत नाही.

पुढच्या रांगेतला एक आजोबा आपल्या नातवाच्या कानांत हळूच कापसाचे बोळे बसवतो. नातू ते काढून टाकतो. मंचावरचा पोरगा ध्वनिक्षेपकाजवळ तोंड आणून एक, दोन, तीन असे मोजायला लागतो. पाच, सहा, सात म्हणून पुन्हा एकवर येतो, तशी गवतावर बसलेली चार-दोन माणसे हसतात.